पिकअप ट्रक हॉर्न न वाजवता लॉक कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रपाळीवरून परतणारे, पहाटे अंधारात निघणारे, घरात तान्हं मूल असलेले, असे अनेक जण या एकाच गोष्टीबद्दल विचारत असतात. माझीही ड्यूटी पहाटे साडेचारला सुरू होते, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. लॉक करताना हॉर्न वाजतो म्हणजे गाडीत काही बिघाड आहे का?

नाही, ती नुसती पोच आहे. रिमोटचं बटण दाबलं की गाडीतल्या कंट्रोल युनिटला रेडिओ संदेश जातो. ते युनिट दारांच्या लॉकमधल्या छोट्या मोटरी फिरवतं आणि काम झालं हे कळावं म्हणून इंडिकेटर उजळवतं. बऱ्याच गाड्यांत त्याच वेळी हॉर्नच्या रिलेलाही, म्हणजे हॉर्न चालू करणाऱ्या विजेच्या स्विचलाही, क्षणभर करंट मिळतो. दार लॉक होणं आणि हॉर्न वाजणं ही दोन वेगळी कामं आहेत, एक दुसऱ्यावर अवलंबून नाही. पुढची सगळी उत्तरं याच गोष्टीवर उभी आहेत.

आधी तुमच्या गाडीत नेमकं काय वाजतं ते ओळखा. बॉनेटखालून येणारा जाड "पॉं" हा हॉर्न. बारीक, इलेक्ट्रॉनिक "पिक्" हा बझर. आणि चिमणीसारखा चिरका आवाज येत असेल तर तो बहुतेक नंतर बसवून घेतलेल्या अलार्मचा सायरन असतो. तिघांचे उपाय वेगळे आहेत.

2. हॉर्न बंद केला तर गाडी कमी सुरक्षित होते का? अलार्म चालू राहतो ना?

राहतो. पोच बंद केल्याने लॉकची ताकद कमी होत नाही आणि चोरीचा अलार्मही बंद पडत नाही. कोणी दार उचकटलं तर हॉर्न पूर्ण जोरात वाजेलच. मात्र हे फक्त सेटिंगमधून बंद केलं तरच खरं आहे. वायर किंवा फ्यूज काढला तर गोष्ट वेगळी, त्यासाठी प्रश्न 12 पाहा.

3. अर्ध्या सेकंदाच्या आवाजाने कोणाची झोप मोडते? एवढा विचार कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी तक्रार केल्यावर येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडीचा हॉर्न हायवेवर बंद काचांच्या आत ऐकू जावा म्हणून बनवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्र. 28 मध्ये गाडीसमोर 7 मीटरवर आवाजाची वरची मर्यादा 112 डेसिबल आहे. आपण हिशेबाला 100 धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे 14 मीटरवर 94 आणि 28 मीटरवर 88. खिडकी थोडी उघडी असेल तर भिंत आणि खिडकी मिळून साधारण 15 डेसिबल अडवतात. म्हणजे 28 मीटरवरच्या खोलीत 73 उरले. क्षणभराच्या पोचेत हॉर्न पूर्ण जोर धरत नाही असं मानून आणखी 10 वजा करा, तरी 63 राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चांगल्या झोपेसाठी झोपण्याच्या खोलीत एकेका आवाजाचा कमाल जोर 45 डेसिबलच्या आसपास राहायला हवा.

आवाज अर्ध्या सेकंदाचा असतो, पण दचकून उठलेलं बाळ पुन्हा झोपायला तास घेतं. लॉक झाल्याची खात्री फक्त गाडीच्या मालकाला हवी असते, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला ऐकावा लागतो. मला हे बरोबर वाटत नाही.

4. सेटिंगच्या भानगडीत न पडता आज रात्रीच आवाज टाळायचा असेल तर?

आधी लॉकचं बटण फक्त एकदा दाबून पाहा. फोर्डच्या एफ-150 सारख्या गाड्यांत पहिल्या दाबाला फक्त दिवे लागतात. तीन सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा दाबलं तरच हॉर्न वाजतो. होंडा रिजलाइनमध्येही पाच सेकंदांच्या आत दुसरा दाब दिला की आवाज येतो. कित्येकांची तक्रार एवढ्यावरच मिटते, कारण दोनदा दाबायची सवय हातात बसलेली असते.

पहिल्याच दाबाला हॉर्न वाजत असेल तर दार उघडं असताना आतल्या पॅनेलवरचं लॉकचं बटण दाबा, उतरा आणि दार लावून घ्या. रिमोटचा संबंधच येत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांत हॉर्न वाजत नाही. चावी हातात आहे हे मात्र आधी पाहा. काही गाड्यांना दार उघडं असताना लॉक करणं मान्य नसतं, त्या लगेच अनलॉक होतात. काही शेवटचं दार लागल्यावर थोडं थांबून लॉक होतात. शेवरोले आणि जीएमसीच्या बऱ्याच पिकअपमध्ये असा उशिरा लॉक होण्याचा पर्याय आहे, त्यात शेवटचं दार लागल्यापासून पाच सेकंद जातात. तेवढं थांबा, गाडी लॉक झालेली डोळ्यांनी बघा आणि मग निघा.

5. कायमचं बंद करायचं सेटिंग कुठे सापडतं?

कंपनीनुसार जागा बदलते. माझ्या माहितीतल्या गाड्यांचं सांगतो.

शेवरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरामध्ये स्क्रीनवर सेटिंग्ज, मग व्हेईकल, मग रिमोट लॉक, अनलॉक, स्टार्ट असा रस्ता आहे. तिथे "रिमोट लॉक फीडबॅक" सापडेल. त्यात दिवे आणि हॉर्न, फक्त दिवे, फक्त हॉर्न, बंद असे पर्याय असतात. "फक्त दिवे" निवडा.

रॅम कंपनीच्या पिकअपमध्ये यूकनेक्टच्या, म्हणजे गाडीतल्या स्क्रीनच्या, सेटिंगमध्ये दारं आणि लॉकच्या भागात "साउंड हॉर्न विथ लॉक" आहे. त्यात बंद, पहिल्या दाबाला, दुसऱ्या दाबाला असे तीन पर्याय आहेत. "दुसऱ्या दाबाला" हा मधला मार्ग मला आवडतो: रोज शांतता आणि कधी गर्दीच्या पार्किंगमध्ये शंका आली तर हॉर्न हाताशी.

निसान फ्रंटियर, टायटन वगैरे गाड्यांत स्क्रीनमध्ये शिरायची गरजच नाही. रिमोटवरची लॉक आणि अनलॉक ही दोन्ही बटणं एकत्र, दोन सेकंदांहून जास्त वेळ दाबून धरा. इंडिकेटर तीनदा लुकलुकले की हॉर्नची पोच बंद झाली. परत चालू करायची तर तेच करा. तेव्हा दिवे एकदा लागतात आणि हॉर्न एकदा वाजतो, म्हणून हे काम दिवसा करा.

टोयोटा टॅकोमा, टुंड्रा, हायलक्स यांत बहुधा हॉर्नऐवजी बझर असतो. त्याचा आवाज पायरीपायरीने कमी करता येतो किंवा पूर्ण बंदही करता येतो. काही मॉडेलमध्ये हे स्क्रीनवरून जमतं, काहींत सर्व्हिस सेंटरला कॉम्प्युटर जोडून करावं लागतं. बझर मंद करून ठेवलात तर तीच सगळ्यात चांगली पोच: तुम्हाला ऐकू येते, शेजाऱ्याला नाही.

टेस्ला सायबरट्रकमध्ये कंट्रोल्सखालच्या लॉक्समध्ये "लॉक कन्फर्मेशन साउंड" नावाचा स्विच आहे, तो बंद करा.

6. माझ्या ट्रकला स्क्रीनच नाही. जुनी, साधी गाडी आहे. मग?

मोठी स्क्रीन नसली तरी स्पीडोमीटरजवळ बहुधा छोटा डिस्प्ले असतो आणि स्टिअरिंगवरच्या किंवा डॅशबोर्डवरच्या बटणांनी त्याचा मेन्यू उघडतो. गाडी उभी असताना, इग्निशन चालू ठेवून पाहा. चालत्या गाडीत हा मेन्यू बरेचदा उघडत नाही.

डिस्प्लेही नसेल तर रिमोटवर युक्ती असू शकते. जुन्या डॉज आणि क्रायस्लर गाड्यांत लॉकचं बटण किमान 4 आणि जास्तीत जास्त 10 सेकंद दाबून धरायचं, ते न सोडता पॅनिकचं (संकटात अलार्म वाजवण्याचं) बटण दाबायचं आणि दोन्ही एकदम सोडायची. पहिल्या खेपेला चुकून पॅनिक सुरू झालं तर गडबडू नका, तेच बटण पुन्हा दाबलं की थांबतं. हा प्रयोग रात्री करू नका.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात "कीलेस एंट्री" हे प्रकरण उघडा, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पानावर उत्तर मिळतं.

7. आवाज नसेल तर गाडी खरंच लॉक झाली हे कळणार कसं?

डोळ्यांनी आणि कानांनी, फक्त थोडं जवळ उभं राहून.

मी काय करतो ते सांगतो. दार लावतो आणि हात अजून दारावर असतानाच बटण दाबतो. तळव्याला पत्र्यातून "खट्" असा हलका ठोका जाणवतो, तो लॉकच्या मोटरचा. त्याच क्षणी समोरच्या भिंतीवर इंडिकेटरचा पिवळा उजेड पडून जातो. ठोका आणि उजेड दोन्ही मिळाले की मी मागे वळून बघत नाही. वीस पावलं चालून गेल्यावर खिशातून बटण दाबलं की हे दोन्ही निसटतं आणि माणूस खात्रीसाठी पुन्हा पुन्हा दाबत राहतो.

लांबून दाबण्यात आणखी एक धोका आहे. चोर रेडिओ संदेश दाबून टाकणारं यंत्र वापरतात. बटण दाबलं जातं पण संदेश गाडीपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी दिवे लागत नाहीत. म्हणून दिव्यांकडे पाहण्याची सवय हॉर्नपेक्षा जास्त मोलाची आहे.

हँडल ओढून पाहणारेही बरेच आहेत. किल्ली खिशात असली की हँडलला हात लावताच उघडणाऱ्या गाडीत यात एक मेख आहे: तपासायला म्हणून ओढलं आणि गाडी अनलॉक होऊन बसली! यासाठी कंपन्यांनी थोडी सवलत ठेवलेली असते. रॅममध्ये हँडलवरच्या बटणाने लॉक केल्यावर दोन सेकंद गाडी हँडलच्या ओढण्याला दाद देत नाही. टोयोटात ही सवलत तीन सेकंदांची आहे. तपासायचं तर तेवढ्यातच.

8. मग दिवेही बंद करून टाकू का? उजेडही खिडकीतून आत येतो.

करू नका. आवाज गेला आणि दिवाही गेला तर तुमच्याकडे काहीच पोच उरत नाही. उजेडाचा त्रास होत असेल तर गाडी वेगळ्या तोंडाने लावून बघा.

9. सेटिंग बंद केलं, तरी कधी कधी हॉर्न वाजतोच. असं का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर असं की तुम्ही बंद केलेली पोच "लॉक झालं" याची होती. आता वाजतोय तो इशारा आहे: "लॉक नीट झालेलं नाही" किंवा "काहीतरी विसरलात". दोन्ही आवाज कानाला सारखेच लागतात, म्हणून किती वेळा वाजला ते मोजा.

दार अर्धवट लागलं असेल तर फोर्डमध्ये हॉर्न दोनदा वाजतो आणि इंडिकेटर लागत नाहीत. मागच्या सीटजवळचं छोटं दार, सीटबेल्टचं बक्कल अडकलेलं दार, काही मॉडेलमध्ये नीट न बसलेलं बॉनेट, हे सगळं तपासा.

किल्ली आत राहिली असेल तरीही वाजतो. फोर्डच्या बिनचावीच्या गाड्या, म्हणजे किल्ली नुसती खिशात ठेवून चालणाऱ्या, दार लावल्यावर किल्ली शोधतात. आत सापडली तर दारं परत अनलॉक करून दोनदा हॉर्न देतात. शेवरोले, जीएमसीमध्ये किल्ली आत राहिल्याचा इशारा तीन वेळा असतो. जादा किल्ली ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायची सवय असलेल्यांना हा त्रास रोज होतो. ती किल्ली घरात ठेवा, प्रश्न मिटला.

इंजिन चालू ठेवून किल्लीसह उतरलात तरी वाजतो. सामान उतरवताना हे हमखास होतं. इंजिन बंद करा, नाहीतर किल्ली आत राहू द्या.

हे इशारे बंद करायचा पर्याय काही गाड्यांत असतो, पण मी तो सुचवत नाही. वाजण्याचं कारण काढून टाका, इशारा राहू द्या.

10. रिमोटला हातही लावला नाही, नुसता गाडीपासून दूर गेलो तरी हॉर्न वाजला.

म्हणजे दूर गेल्यावर आपोआप लॉक होण्याची सोय चालू आहे. शेवरोले, जीएमसीमध्ये दारं लागल्यावर आणि किल्ली बाहेर गेल्यावर साधारण आठ सेकंदांनी गाडी स्वतः लॉक होते. तिचं सेटिंग "पॅसिव्ह डोअर लॉक" या नावाने प्रश्न 5 मधल्या सेटिंगपासून वेगळं आहे. "चालू", "चालू आणि हॉर्न", "बंद" यांतून नुसतं "चालू" निवडा. लोक एक सेटिंग बदलतात, हे दुसरं तसंच राहतं आणि मग बदल लागूच झाला नाही असं वाटतं.

टेस्लात घराजवळ हे आपोआप लॉक होणंच वगळता येतं, पण मग घरी हाताने लॉक करायची आठवण ठेवावी लागते.

11. माझ्या किल्लीने वाजत नाही, मुलाच्या किल्लीने वाजतो.

काही गाड्या प्रत्येक किल्लीसाठी किंवा प्रत्येक ड्रायव्हरसाठी सेटिंग वेगवेगळं जपतात. मुलाच्या किल्लीने गाडी चालू करा, त्याचं प्रोफाइल स्क्रीनवर आलंय ना ते पाहा आणि तेच सेटिंग पुन्हा बदला.

12. हॉर्नची वायर काढली किंवा फ्यूज उपटला तर कटकटच संपेल ना?

कृपा करून हे करू नका. रस्त्यावर मूल आडवं आलं की ज्या हॉर्नवर हात जातो, तो हाच. अनेक ठिकाणी चालू स्थितीतला हॉर्न कायद्याने सक्तीचा आहे. आणि कितीतरी गाड्यांत चोरीचा अलार्मही याच हॉर्नमधून वाजतो, म्हणजे तोही मुका होतो. शिवाय हॉर्नच्या फ्यूजवर दुसरं काही जोडलेलं असेल तर तेही बंद पडतं.

मंद हॉर्न बसवण्याचा सल्लाही काही जण देतात. त्यालाही माझा नकार आहे, कारण गरज पडेल तेव्हा तो मोठाच वाजायला हवा.

13. अलार्म बाहेरून बसवून घेतलाय. गाडीच्या मेन्यूत सगळं बंद आहे, तरी वाजतो.

बाहेरून बसवलेल्या अलार्मचा मेंदू वेगळा असतो, गाडीच्या सेटिंगशी त्याला घेणंदेणं नसतं. ज्याने बसवला त्याच्याकडून लॉकची पोच बंद करून घ्या. बऱ्याच युनिटमध्ये रिमोटवर एखादं बटण आधी दाबून मग लॉक केलं की त्या खेपेपुरतं आवाजाशिवाय लॉक होतं. ते बटण कोणतं हे युनिटच्या पुस्तिकेत असतं. माझ्या आधीच्या ट्रकमध्ये बसवणाऱ्याने सायरन आणि कंपनीचा हॉर्न दोन्ही पोचेला जोडून ठेवले होते. एक बंद केला की दुसरा बोलायचा. दोन महिने मी चुकीच्या मेन्यूत शोधत होतो. तुमच्याकडे असंच होत असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनला ही जोडणी तपासायला सांगा.

14. लॉक केल्यावर मागचा फाळकाही लॉक होतो का?

पिकअपवाल्यांनी हे जरूर पाहावं. काही मॉडेलमध्ये फाळका, म्हणजे टेलगेट, दारांबरोबर लॉक होतो. बऱ्याच गाड्यांत, विशेषतः जुन्या आणि साध्या मॉडेलमध्ये, त्याचं कुलूप वेगळं असतं आणि चावी फिरवूनच लागतं. तिथे हॉर्न वाजो की दिवे लागोत, फाळका उघडाच असतो. हौद्यात हत्यारांची पेटी असेल तर ही गफलत महागात पडते. बटण दाबून झाल्यावर एकदा फाळक्याचं हँडल ओढून बघा, म्हणजे तुमच्या गाडीचं कळेल.

15. रात्री ट्रकमध्येच झोपतो. आतून लॉक केलं की कधी कधी अलार्म पेटतो.

रिमोटने लॉक केलं की गाडी समजते की आत कोणी नाही. मग तुम्ही आतून दार उघडलं तर तिच्या लेखी ती घुसखोरी. काही गाड्यांत आतली हालचाल टिपणारे सेन्सरही असतात, त्यांना तुम्ही कूस बदललेलीही कळते. म्हणून आत बसून, सगळी दारं लावून, दाराच्या पॅनेलवरच्या बटणाने लॉक करा. सकाळी दार उघडण्याआधी रिमोटने अनलॉक करा, म्हणजे शंकाच नको. आत मूल किंवा कुत्रं असताना अलार्म वाजतो त्याचं कारणही बहुधा हेच. पण बंद गाडीत त्यांना एकटं ठेवू नका, आतली उष्णता काही मिनिटांत जीवघेणी होते.

16. थंडीत रिमोटने इंजिन चालू करतो, तेव्हाही हॉर्न वाजतो.

रिमोट स्टार्टची पोच वेगळी असते. रॅममध्ये "साउंड हॉर्न विथ रिमोट स्टार्ट" असं स्वतंत्र सेटिंग आहे. शेवरोले, जीएमसी आणि फोर्डमध्ये रिमोट स्टार्टच्या आधी लॉकचं बटण दाबावं लागतं, म्हणजे तिथे लॉकचीच पोच ऐकू येत असेल. ती प्रश्न 5 प्रमाणे बंद होते.

17. रिमोटऐवजी चावी दारात घालून लॉक केलं तर?

आवाज बहुधा होत नाही. पण काही गाड्यांत चावीने फक्त तेच दार लॉक होतं आणि अलार्म तयार स्थितीत जात नाही. उलट प्रकार जास्त त्रासाचा आहे: रिमोटने लॉक केलेली गाडी चावीने उघडली तर काही मॉडेलमध्ये अलार्म सुरू होतो आणि इग्निशन चालू करेपर्यंत थांबत नाही. पहाटे रिमोटचा सेल संपला असेल तर किल्ली हातात तयार ठेवूनच दार उघडा. बिनचावीच्या गाडीत सेल संपलेला रिमोट कुठे टेकवल्यावर इंजिन चालू होतं, ती जागा आधीच पुस्तकात बघून ठेवा.

18. मोबाइलच्या ॲपवरून लॉक केलं तर शांत राहतं का?

प्रत्येक गाडीत वेगळं. ॲपवरून आलेल्या आज्ञेची पोच रिमोटसारखीच असेल असं धरून चालू नका. दुपारी एकदा करून बघा, मगच रात्री वापरा.

19. बॅटरी बदलल्यावर हॉर्न परत सुरू झाला.

काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर किंवा सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर बदलल्यावर सेटिंग मूळ जागी जातं. पुन्हा प्रश्न 5 प्रमाणे बंद करा. गाडी सर्व्हिसिंगहून आली की त्याच दिवशी, उजेडात, एकदा लॉक करून बघायचं, म्हणजे रात्री दोन वाजता ते कळायला नको.